विश्लेषण : भर थंडीत खिडकी उघडी ठेवणाऱ्या लेन हॉवर्ड कोण होत्या? त्यांच्या घरातल्या पक्ष्यांनी विज्ञानापुढे कोणता प्रश्न ठेवला?

ब्रिटनमध्ये डिसेंबर उजाडला की लाखो घरांच्या परसात शेंगदाण्याच्या जाळ्या, चरबीचे गोळे आणि सूर्यफुलाच्या बियांच्या नळ्या टांगल्या जातात. माणूस आत, पक्षी बाहेर आणि मध्ये खिडकीची काच. ससेक्स परगण्यात राहणाऱ्या एका महिलेने ही काचच मधून काढली. खिडकी उघडी ठेवली, तीही बाराही महिने. त्यानंतर जे दिसले त्यावर त्यांनी दोन पुस्तके लिहिली, ती खूप वाचली गेली आणि शास्त्रज्ञांनी बराच काळ बाजूला ठेवली. ग्वेंडोलेन हॉवर्ड हे त्यांचे नाव. पुस्तकांवर त्या लेन हॉवर्ड असे लावत. नावावरून अनेकांना लेखक पुरुष वाटे.

मुद्दा केवळ एका पक्षीवेड्या बाईचा नाही. एकाच जातीचे दोन पक्षी स्वभावाने वेगळे असतात का, आणि ते कळण्यासाठी पक्ष्याशी ओळख वाढवणे हा शास्त्रीय मार्ग ठरतो का, असा हा वाद होता. तो आजही पूर्ण संपलेला नाही.

कोण होत्या लेन हॉवर्ड?

जन्म १८९४चा. वडील न्यूमन हॉवर्ड हे कवी आणि नाटककार. घरात पुस्तके, संगीत आणि पक्ष्यांविषयी माया. ग्वेंडोलेन यांनी संगीताचे शिक्षण घेतले. त्या व्हायोला वाजवत. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खर्जातले वाद्य. लंडनमध्ये माल्कम सार्जंट या नामवंत संचालकाच्या हाताखाली त्यांनी वादन केले, संगीताचे वर्ग घेतले, गरीब मुलांसाठी मैफली आयोजित केल्या. म्हणजे कारकीर्द रीतसर उभी होती.

१९३८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ती सोडली. ससेक्समधील डिचलिंग गावाजवळ जमिनीचा एक तुकडा घेतला आणि छोटेसे घर बांधले. साऊथ डाऊन्स टेकड्यांच्या पायथ्याचे हे गाव. ब्रायटनचा समुद्रकिनारा तिथून फार लांब नाही, पण गाव शांत, कारागीर आणि चित्रकारांची वस्ती असलेले. घराचे नाव ठेवले बर्ड कॉटेज. पक्ष्यांसाठी नोकरी-व्यवसाय सोडून घर बांधणे हे तेव्हाही विक्षिप्तपणाचेच मानले जात असणार. पदवी प्राणिशास्त्राची नाही, कोणत्या संस्थेचे पाठबळ नाही, प्रयोगशाळा नाही. हाताशी होते ते तयार कान आणि भरपूर वेळ.

हिवाळ्यातच पक्षी दाण्यावर का तुटून पडतात?

हे समजले तर पुढचे सगळे समजते. हॉवर्ड यांच्या घरी सर्वाधिक येणारा पक्षी ग्रेट टिट. डोके काळे, गाल पांढरे, पोट पिवळे आणि त्यावर मधोमध काळा पट्टा. आकार चिमणीएवढा, वजन साधारण १८ ग्रॅम. चहाचे चार-साडेचार चमचे साखर घेतली की तेवढे वजन होते. (आपल्या सह्याद्रीतही त्याचा भाऊबंद आहे. पोट पिवळ्याऐवजी राखाडी, बाकी तोच थाट.)

आता थोडे गणित. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर, बाहेर शून्याच्या आसपास. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने पृष्ठभागाचे क्षेत्रफळ जास्त, आणि उष्णता पृष्ठभागातून जाते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला हा धडा टिटला जिवावर बेततो. इंग्लंडच्या दक्षिणेला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. त्या आठ तासांत एवढी चरबी साठवायची की सोळा तासांची रात्र निघेल. एका कडक रात्रीत लहान पक्ष्याच्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग जळून जातो. सकाळी टाकी जवळपास रिकामी. गवतावर हिम, किडे नाहीत, जमीन दगडासारखी. अशा वेळी परसातील फळीवर ठेवलेला चरबीचा तुकडा म्हणजे आणखी एक दिवस.

मग भरपूर खाऊन गुबगुबीत का होत नाहीत? कारण जड पक्षी उडताना मंदावतो आणि ससाण्यासारख्या शिकारी स्पॅरोहॉकच्या तावडीत सापडतो. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलातील नोंदींतून १९९५ मध्ये हे स्पष्ट झाले. कीटकनाशकांमुळे स्पॅरोहॉक नाहीसे झाले त्या काळात टिट वजनदार होते. शिकारी परतले तसे टिट पुन्हा सडपातळ झाले. म्हणजे हा पक्षी रोज उपासमार आणि शिकारी यांच्यामधल्या अरुंद जागेत चालत असतो. कुठे जायचे, कधी खायचे, कोणावर विश्वास ठेवायचा, हे निर्णय त्याला तासातासाला घ्यावे लागतात. हॉवर्ड यांना रस होता तो या निर्णयांत.

खिडकी उघडी ठेवल्यावर काय झाले?

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. बाहेर फळी, पाण्याचे भांडे, घरटी करण्यासाठी पेट्या. पण पक्षी बाहेर असताना आपण पाहतो ती त्याची घाबरलेली अवस्था, असे हॉवर्ड यांचे मत बनले. माणूस हलला की उडायचे, सावली पडली की दडायचे. या भीतीत त्याचे खरे वागणे दिसणार कसे? म्हणून त्यांनी आधी भीती काढायचे ठरवले. हालचाली सावकाश, आवाज हळू, पिंजरा नाही, पकडणे नाही. खिडक्या उघड्या. येणे-जाणे पक्ष्याच्या मर्जीवर.

टिट आत आले. मग रॉबिन, ब्लॅकबर्ड, चिमण्या, ब्ल्यू टिट. काही टिट हातावर बसून खाऊ लागले, काही खोलीत उंचावर लावलेल्या पेट्यांमध्ये हिवाळ्याच्या रात्री काढू लागले. ग्रेट टिट थंडीत एकेकटा ढोलीत झोपतो. बर्ड कॉटेजमध्ये त्याला हिम न पोचणारी ढोली मिळाली. घरमालकिणीला मात्र थंडी, विष्ठा आणि पहाटेची जाग मिळाली. येणारे-जाणारे पाहुणे हे या घरातले मोठे संकट. अनोळखी माणूस आला की दिवसचे दिवस कमावलेला विश्वास विस्कटे. त्यामुळे हॉवर्ड यांनी माणसांची ये-जा कमी केली. पक्ष्यांसाठी दार उघडायचे तर माणसांसाठी ते लोटावे लागते, हा व्यवहार त्यांनी डोळसपणे केला असावा.

पक्ष्यांच्या पाहुण्यांत मात्र गोडीगुलाबी नव्हती. दाण्याच्या फळीवरचे राजकारण कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीला लाजवेल असे असते. कोण आधी खाणार, कोणाला ढकलता येते, कोणासमोर मान वळवायची, हे सगळे ठरलेले असते आणि दररोज पुन्हा तपासले जाते. टिट तर खोटे बोलतात. ससाणा नसताना धोक्याची हाक द्यायची, बाकीचे उडाले की फळी मोकळी. ही युक्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात नोंदवली गेली. अशा भानगडी टिपायच्या तर फळीवरचा हा टिट आणि तो टिट यांतला फरक कळायला हवा, आणि हॉवर्ड यांना तो कळत होता.

युद्धाच्या काळात पक्ष्यांना काय घातले?

घर बांधून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनची हवाई लढाई झाली ती दक्षिण इंग्लंडच्या आकाशात, ससेक्सवर. जानेवारी १९४० पासून रेशनिंग आले. लोणी, बेकन, साखर मोजून. पुढच्या वर्षी चीजही. टिटना नेमके आवडते ते लोणी, चीज, चरबी आणि शेंगदाणे. हे पदार्थ पक्ष्याला दिले की माणसाच्या ताटातून कमी होणार हे उघड होते.

शिवाय कायदा होता. ऑगस्ट १९४० च्या आदेशाने माणसांचे अन्न वाया घालवणे गुन्हा ठरले, आणि पक्ष्यांना पाव टाकणे हा त्यातच मोडे. १९४३ मध्ये लंडनजवळच्या बार्नेट भागातील एका महिलेला पक्ष्यांना पाव घातल्याबद्दल दहा पौंडांचा दंड झाला होता. गंमत अशी की त्याच देशात अर्ध्या शतकापूर्वी, १८९०-९१ च्या भीषण हिवाळ्यात, वर्तमानपत्रांनीच लोकांना पक्ष्यांसाठी दाणे टाकण्याचे आवाहन केले होते आणि तेव्हापासून हा छंद राष्ट्रीय सवय बनला होता. रेशनिंग पूर्ण उठले ते जुलै १९५४ मध्ये. म्हणजे हॉवर्ड यांचे पहिले पुस्तक ज्या निरीक्षणांवर उभे आहे, ती सगळी टंचाईच्या वर्षांतली आहेत. मधे १९४७ चा कुप्रसिद्ध हिवाळाही येऊन गेला. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत देश हिमाखाली होता.

सगळे टिट सारखेच दिसतात, मग ओळखायचे कसे?

हा प्रश्न हॉवर्ड यांना हमखास विचारला जाई. त्यांचे उत्तर साधे होते, पण ते कष्टाचे होते. गालावरच्या पांढऱ्या डागाची कड, पोटावरच्या पट्ट्याची रुंदी (नरांत तो साधारणपणे रुंद असतो), डोक्याची ठेवण, उभे राहण्याची ढब, उडण्याची लकब, नजर. शाळेतली बाई चाळीस गणवेशांतली चाळीस मुले जशी ओळखते, तसेच. त्यांनी पक्ष्यांना नावे दिली. बाल्डहेड म्हणजे टकल्या, स्टार म्हणजे तारा. मग प्रत्येकाचे चरित्र लिहीत गेल्या. कोण कोणाचा जोडीदार, कोणी कोणाची हद्द बळकावली, जोडीदार मेल्यावर कोण कसे वागले, कोण धीट, कोण संशयी, कोण खिडकीची कडी वाजवून मागणारा आणि कोण निमूटपणे वाट पाहणारा.

जंगली ग्रेट टिटचे आयुष्य फार नसते. प्रौढ पक्ष्यांतले साधारण निम्मे दरवर्षी मरतात. त्यामुळे ही चरित्रे छोटी असतात आणि वाचताना एकामागोमाग मृत्यू येत राहतात. मांजर, थंडी, हाणामाऱ्या. आपल्याकडे पक्ष्यांच्या पुस्तकात जात, आकार, रंग, आवाज अशी रकाने असतात. हॉवर्ड यांच्या पुस्तकात कुटुंबातल्या माणसांची असते तशी गोष्ट आहे. १९५२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नावाचा मराठीत अर्थ होतो, व्यक्ती म्हणून पक्षी. प्रस्तावना जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ले यांची. युनेस्कोचे पहिले महासंचालक तेच. छायाचित्रे एरिक हॉस्किंग यांची, जे तेव्हा पक्षी-छायाचित्रणातले अग्रगण्य नाव होते. म्हणजे पुस्तक कोपऱ्यात छापलेले चोपडे नव्हते. ते इतर भाषांतही गेले.

संगीताचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. पहिल्या पुस्तकाचा मोठा भाग पक्ष्यांच्या गाण्यावर आहे, आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत भक्कम भाग. स्वरांची उंची, लय, विराम, एखादी तान पुन्हा घेताना केलेला बदल, हे टिपायला त्या काळी सामान्य निरीक्षकाकडे यंत्र नव्हते. ध्वनीचा आलेख काढणारे सोनोग्राफ यंत्र युद्धानंतर हळूहळू पक्षी-अभ्यासात आले. हॉवर्ड यांच्याकडे वादकाचा कान होता. एकाच जातीचे दोन ब्लॅकबर्ड सारखे गात नाहीत, एखादा आपली धून ऋतूभर घासूनपुसून सुधारतो आणि दुसरा तीच तीच आळवत बसतो, असे त्यांना ऐकू येत होते. गाण्यात व्यक्तिगत फरक असतो हे आज पक्षीशास्त्रात वादाचे राहिलेले नाही.

शास्त्रज्ञांचा आक्षेप नेमका काय होता?

१९५६ मध्ये दुसरे पुस्तक आले. त्यात स्टार या ग्रेट टिटची कहाणी आहे. स्टार चोचीने टकटक करून संख्या सांगत असे. हॉवर्ड यांनी जितक्या वेळा ठोकले तितक्याच वेळा तो ठोकी, पुढे तोंडी आकडा सांगितला तरी तेवढे टोले देई आणि बक्षीस म्हणून शेंगदाण्याचा तुकडा मिळवी. शिक्षा नाही, सक्ती नाही. कंटाळा आला की पक्षी उडून जाई.

इथे कोणत्याही प्रयोगशील माणसाच्या मनात घंटा वाजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की घोडा मोजत नव्हता. उत्तर जवळ आले की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण नकळत सैल होई आणि घोडा तो वाचून थांबे. फसवणूक कोणीच करत नव्हते, मालकही नाही. स्टारच्या बाबतीत हीच शक्यता नाकारता येत नाही. प्रश्न विचारणारी, टोले मोजणारी, बक्षीस देणारी आणि नोंद करणारी व्यक्ती एकच होती. त्याच सुमारास जर्मनीत ओटो कोलर हे शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या संख्याज्ञानाचे प्रयोग करत होते आणि माणसाचा इशारा पक्ष्यापर्यंत जाऊ नये याची विशेष काळजी घेत होते. बर्ड कॉटेजमध्ये ती सोय नव्हती. तिथे तर उलट, पक्ष्याने माणसाला जवळून ओळखावे हाच पाया होता.

दुसरा आक्षेप भाषेवर. मत्सर, प्रेम, दुःख, विनोद असे शब्द हॉवर्ड पक्ष्यांसाठी मोकळेपणाने वापरत. आणि काळ कोणता, तर निको टिनबर्गेन यांचे सहजप्रवृत्तीवरील गाजलेले पुस्तक १९५१ मध्ये, म्हणजे हॉवर्ड यांच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी आलेले. ठरावीक उद्दीपकाला ठरावीक प्रतिसाद, जातीतल्या सर्व प्राण्यांत समान, मोजता येणारा, ही नव्या प्राणिवर्तनशास्त्राची भाषा होती. त्यात एका पक्ष्याचा स्वभाव म्हणजे आकडेवारीतला गोंधळ. सरासरी काढायची आणि तो पुसून टाकायचा.

हॉवर्ड स्त्री होत्या, बिनपदवीच्या होत्या, म्हणून डावलल्या गेल्या का? काही अंशी असेलही. पण एवढेच कारण सांगणे सोपे होईल. अमेरिकेत मार्गारेट मोर्स नाइस यांनी ओहायोत घराजवळ साँग स्पॅरो पक्ष्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याही विद्यापीठात नोकरीला नव्हत्या, पाच मुलींच्या आई होत्या. पण त्यांनी पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घातली, तक्ते केले आणि १९३७ व १९४३ मध्ये दोन खंड काढले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी ते मानले. आपल्याकडे सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळून नर एकाहून अधिक घरटी बांधतो आणि अनेक माद्यांशी जोड्या जमवतो हे नोंदवले. तिथेही हाताशी प्रयोगशाळा नव्हती. फरक असा, की नाइस किंवा अली यांची नोंद दुसऱ्या कोणाला पडताळता येत होती. टकल्या कोण आणि तारा कोण, हे मात्र एका हॉवर्ड यांनाच ठाऊक होते.

त्याच पक्ष्याने पुढे बाजू कशी बदलली?

विशेष म्हणजे हा पेच सुटू लागला तो ग्रेट टिटवरच. १९४७ मध्ये डेव्हिड लॅक यांनी वायथम जंगलात घरट्याच्या पेट्या लावून या पक्ष्याचा अभ्यास सुरू केला. तो आजही चालू आहे. पिल्लांच्या पायात क्रमांकाची कडी घालायची, पिढ्यान्‌पिढ्या माग काढायचा. एकेक पक्षी वेगळा ओळखता येऊ लागला, फक्त नावाऐवजी क्रमांकाने.

नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९०च्या दशकात एक साधी चाचणी वापरली. टिटला पाच कृत्रिम झाडे असलेल्या अनोळखी खोलीत सोडायचे आणि तो किती लवकर फिरून पाहतो हे मोजायचे. काही पक्षी भराभर सगळीकडे जातात, काही जपून. हा फरक टिकाऊ निघाला आणि अंशतः आनुवंशिकही. मग २००४ मधील अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट दिसली. कोणत्या स्वभावाचा पक्षी तगेल हे त्या हिवाळ्यात बीच वृक्षाच्या बिया किती पडल्या यावर बदलते आणि नर-मादींत ते उलटे होते. धीटपणा दर वर्षी फायद्याचा नसतो, भित्रेपणाही नसतो. म्हणून दोन्ही स्वभाव जगात शिल्लक राहतात. आता शास्त्रज्ञ यासाठी प्राण्यांचे व्यक्तिमत्त्व असा शब्द सरळ वापरतात.

दाण्याच्या फळीचेही तसेच. आता वायथममधील टिटच्या पायात छोटी इलेक्ट्रॉनिक चिप असते. मेट्रो कार्ड गेटवर टेकवावे तसा पक्षी दाण्याच्या नळीवर बसला की त्याचा क्रमांक आणि वेळ नोंदली जाते. २०१५ मध्ये संशोधकांनी काही टिटना सरकते दार एका बाजूला ढकलून खाऊ मिळवायला शिकवले आणि जंगलात सोडले. युक्ती बाकीच्यांत पसरली, आणि दार दोन्हीकडे सरकत असले तरी ज्या भागात जी बाजू आधी रुजली तीच रूढी बनली. १९२१ मध्ये साउथॅम्प्टनजवळ टिटनी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून साय खाल्ल्याची नोंद झाली होती. ती सवय देशभर कशी गेली हे जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ मध्ये मांडले. त्या कोड्याचा धागा इथे जुळतो. २०१७ मध्ये तर ब्रिटिश ग्रेट टिटच्या चोची डच टिटपेक्षा लांब असल्याचे आणि लांब चोचीशी संबंधित जनुक असलेले पक्षी दाण्याच्या नळ्यांवर अधिक वेळा येत असल्याचे दिसून आले. परसातली ही सवय पक्ष्याच्या शरीरापर्यंत पोचली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग हॉवर्ड बरोबर होत्या? प्रश्न बरोबर होता, असे म्हणता येईल. पक्ष्यापक्ष्यांत फरक असतो आणि तो महत्त्वाचा असतो, हे त्यांनी दाण्याच्या फळीसमोर बसून ओळखले. स्टारला मोजता येत होते का, याचा निकाल त्यांच्या नोंदींवरून लावता येणार नाही.

पक्ष्यांना दाणे घालणे नेहमीच चांगले का?

नाही. खारवलेले पदार्थ लहान पक्ष्याला घातक. पाव पोट भरतो पण थंडीला लागणारी ऊर्जा देत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे विषारी. पिल्लांच्या हंगामात अख्खे शेंगदाणे त्यांच्या घशात अडकतात. फळी घाण राहिली तर रोग पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या आजाराने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या कोसळली, आणि एकाच जागी गर्दीने खाणे हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते. कबुतरखान्यांचा वाद पाहिलेल्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. एकाच जातीला गोणीभर धान्य टाकणे आणि गोठलेल्या सकाळी चिमूटभर चरबी ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण स्वच्छतेचा नियम दोन्हींना सारखाच.

पुढे काय झाले?

दुसऱ्या पुस्तकानंतर हॉवर्ड यांचे नाव मागे पडत गेले. १९६२-६३ चा हिवाळा ब्रिटनच्या इतिहासातील सर्वाधिक कडक हिवाळ्यांपैकी एक. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून बर्फ पडला तो मार्चपर्यंत हटला नाही. रेनसारखे छोटे पक्षी मोठ्या संख्येने मेले. हॉवर्ड तेव्हा सत्तरीकडे झुकल्या होत्या आणि मुक्काम बर्ड कॉटेजमध्येच होता. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल टिनबर्गेन, कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश या प्राणिवर्तनाच्या तीन अभ्यासकांना विभागून मिळाले.

त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते एका डच लेखिकेने. तत्त्वज्ञ असलेल्या इव्हा मेयर यांनी हॉवर्ड यांच्या आयुष्यावर २०१६ मध्ये कादंबरी लिहिली आणि २०१८ मध्ये बर्ड कॉटेज या नावाने ती इंग्रजीत आली. कादंबरी असल्याने त्यातला तपशील चरित्र म्हणून घेऊ नये. हॉवर्ड यांना प्रत्यक्ष भेटायचे तर त्यांच्याच दोन पुस्तकांकडे जावे लागते, आणि तिथे त्या स्वतःबद्दल फारच थोडे सांगतात. पाने भरली आहेत ती टकल्या, तारा आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी.